जुन्या बाजारातलं मुकं फर्बी आणि आमचे आठ आठवडे

२९ डिसेंबर २०२४, रविवार. भावाकडे पुण्याला गेले होते आणि त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने अमळनेरला परत यायचं होतं. सकाळ मोकळी होती म्हणून भाऊ मला जुन्या बाजारात घेऊन गेला. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, पान्हे, मोडक्या सायकलींचे सुटे भाग, असा सगळा पसारा. एका गोणपाटावर चार्जरच्या गुंत्याखाली मला दोन मोठे, अर्धवट मिटलेले डोळे दिसले. राखाडी केस, पिवळी चोच, उभे कान. फर्बी, ते बोलणारं, डोळे आणि कान हलवणारं खेळणं.

मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे वडील परदेशातून आले होते, त्यांनी तिच्यासाठी हे आणलं होतं. सगळ्या पोरांना ते लांबून बघायची परवानगी होती. मला एकदाच त्याच्या पोटाला हात लावायला मिळाला आणि ते खिदळलं. ते हसणं मी इतकी वर्षं विसरले नव्हते. विक्रेत्याने पाचशे सांगितले, साडेतीनशेला दिलं. चालतं का, असं विचारलं तर म्हणाला, "सेल टाकून बघा घरी." माझ्याजवळ सेल नव्हते. तुम्ही असं काही घ्यायला जाणार असाल तर चार पेन्सिल सेल आणि एक लहान फुल्लीचा स्क्रू ड्रायव्हर पिशवीत असू द्या. निदान सेलचं झाकण उघडून आत पांढरं-हिरवं काही साचलंय का, ते तरी जागेवर बघा. मी बघितलं नाही.

घरी पोचल्यावर पाचवीतली लेक नाचायला लागली. सासूबाईंनी मात्र ते लांबूनच पाहिलं. "हाई काय लई उनी व तू? घुबड घरमा नको." त्यांचं माहेर पारोळ्याकडचं, त्या अहिराणीतच बोलतात. घुबडासारखं तोंड असलेली वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ नये, हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. मी ते मागच्या खोलीत फळीवर टोपलीखाली ठेवलं. पुढचे कित्येक दिवस त्याचा मुक्काम तिथेच होता.

३० तारखेला रात्री बुडाचं झाकण उघडलं आणि मन खट्टू झालं. आत दोन जुने अल्कलाइन सेल फुटून चिकटलेले, भोवती पांढरी पूड, स्प्रिंगा हिरव्यानिळ्या. हे का होतं, ते नंतर समजलं. १९९८ च्या या फर्बीला बंद करायचं बटणच नाही. अंधार झाला, कुणी हात लावला नाही की ते आपोआप झोपतं. पोरांचं खेळून झालं की लोक ते तसंच कपाटात ठेवतात, सेल आतच राहतात, आणि काही वर्षांनी गळतात. या खेळण्याची विक्री अफाट होती, पहिल्या तीन वर्षांत चार कोटींच्या वर. त्यातली किती अशी कपाटात सेल पोटात घेऊन बसली असतील, हा विचार त्या रात्री मनात आला.

अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याची पांढरी पूड होते. हे अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर आंबट चालतं, लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर. साध्या, स्वस्त झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते, तिथे खायच्या सोड्याचं पाणी लागतं. म्हणून फुटका सेल फेकण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. रबरी हातमोजे घाला, डोळ्यांजवळ हात नेऊ नका. मी कानकोरणीच्या कापसावर लिंबू घेऊन १ जानेवारीच्या संध्याकाळी दीड तास स्प्रिंगा घासल्या. फेस यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मग ओल्या फडक्याने पुसून, टेबलफॅनखाली रात्रभर वाळत ठेवलं.

२ तारखेला नवे सेल टाकले. काही नाही. बुडाला रीसेटचं बारीक बटण असतं, ते बॉलपेनच्या टोकाने दाबलं. काही नाही. लेक शेजारी उकिडवी बसून होती. तिने काही विचारलं नाही, उठून अभ्यासाला गेली. ते मला जास्त लागलं.

त्याच रात्री मी घाईत एक चूक केली. एका व्हिडिओत मोटर बदलताना दाखवलं होतं, ते बघून ऑनलाइन मोटर मागवली, ४८० रुपयांची. बिघाड नेमका कुठे आहे हे माहीत नसताना भाग मागवायचा नसतो, हे आज कुणालाही सांगेन. त्या मोटरची कथा पुढे येईल.

५ जानेवारी, रविवार. जळगावला गोलाणी मार्केट. मोबाइल दुरुस्तीचं सामान तिथे सगळं मिळतं. मीटर २८० रुपये, स्क्रू ड्रायव्हरचा संच १८०, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली ९०, सिलिकॉन ग्रीसची डबी १२०. दुकानातल्या मुलाने मीटर कसं वापरायचं ते दोन मिनिटांत दाखवलं. डीसी व्होल्टवर काटा, लाल टोक धनाला, काळं ऋणाला. आणि दुसरं म्हणजे बीप. तारेचं एक टोक इथे, दुसरं तिथे, आवाज आला की जोडणी शाबूत. मी पतसंस्थेत खाती जुळवायचं काम करते. मेळ बसत नसेल तर आम्ही पानापानावर मागे जातो, कुठपर्यंत आकडा बरोबर आहे ते शोधतो. मीटर हातात आल्यावर हेही तसंच काम वाटायला लागलं. सेलपाशी वीज आहे का? आहे. स्प्रिंगेपाशी? आहे. त्याच्या पुढच्या तारेपाशी?

चार सेलचे मिळून ६.२ व्होल्ट दिसत होते. डब्याच्या शेवटच्या पत्र्यावरही तेवढेच. पण तिथून वर जाणारी तार दिसत नव्हती, कारण ती कातड्याच्या आत होती. म्हणजे कातडं काढावं लागणार.

ते धैर्य यायला आठवडा लागला. १२ जानेवारीला सकाळी जुनी चादर पसरली, तीन वाट्या मांडल्या, एकेका वाटीत कुठले स्क्रू ते चिठ्ठीवर लिहिलं. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. बुडाशी कातडं प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेलं असतं, ती कापली. कान आणि चेहऱ्यापाशी जिथे जिथे कापड पकडलेलं होतं तिथले टाके ब्लेडने उसवले, एकेक. मग पायापासून वर, मोजा काढावा तसं ते कातडं उलटं निघालं.

आत जे निघालं त्यासाठी मनाची तयारी करून ठेवा, आणि लहान मूल घरात असेल तर त्याला आधी सांगा. पांढऱ्या प्लास्टिकची कवटी, तिच्यात दोन टपोरे डोळे, वर कानांचे सांगाडे. लेक दारातून बघून किंचाळली आणि दोन दिवस त्या खोलीत आली नाही. "त्याला दुखलं का?" असं तिने रात्री मला विचारलं. त्याला दुखत नाही हे मी सांगितलं, पण कातडं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवताना माझा हात आपोआप हलका झाला होता.

कवच उघडल्यावर पहिला बिघाड समोरच होता. सेलच्या पत्र्यावरून निघालेली लाल तार डागापाशी, म्हणजे सोल्डरने जोडलेल्या जागी, तुटली होती. ओढून बघितली तर प्लास्टिकच्या आतलं तांबं हिरवंकाळं पडलेलं. गळलेलं रसायन तारेच्या बारीक धाग्यांतून वर चढतं. वरचं आवरण ठणठणीत दिसतं आणि आत काही उरलेलं नसतं. बोटभर लांबीपर्यंत तार कापत गेले, तेव्हा कुठे चकचकीत तांबं लागलं.

डाग देणं मला येत नव्हतं. संक्रांत झाली, तिळगूळ झाला, हळदीकुंकवाच्या गडबडीत फर्बी परातीत कापडाखाली पडून राहिलं. १३ तारखेला कुरिअरने मोटर आली होती, ती भलतीच निघाली. दांडी जाड, लांबी जास्त. परत पाठवायची विनंती केली तर विक्रेत्याने "विजेच्या वस्तूंना परतावा नाही" म्हणून दोन दिवसांत नाकारली. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर हे चालत नाही, एवढं पतसंस्थेत बसून ठाऊक होतं. १७ जानेवारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. त्यांनी विचारलं ते असं: बिलाचा क्रमांक, रक्कम, ऑर्डरची तारीख, विक्रेत्याने नकार दिल्याचा पुरावा. हे सगळं आधी हाताशी ठेवा, म्हणजे फोनवर शोधाशोध होत नाही. मी मोटरशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला होता, उत्पादनाच्या पानावरची मापं दिसतील असा स्क्रीनशॉट होता. तक्रारीचा क्रमांक एसएमएसवर आला. त्यानंतर शांतता. दहाव्या दिवशी पुन्हा फोन केला, फक्त तो क्रमांक सांगितला. ३ फेब्रुवारीला ४८० रुपये खात्यात परत आले. सतरा दिवस लागले, वकील किंवा खेपा काही लागलं नाही.

मोटर मुळात लागणारच नव्हती, हे १९ तारखेला कळलं. बाजारपेठेतल्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसतात, वय सत्तरीच्या पुढे. दुकानात अजून व्हॉल्व्हचे रेडिओ आहेत. परात घेऊनच गेले. त्यांनी चष्मा वर करून ते डोळे पाहिले, हसले नाहीत, चेष्टा केली नाही. "पेशंट ठेवा इथं." माझ्याकडून तार छिलून घेतली, पेस्ट लावायला सांगितली, आणि सोल्डरिंग आयर्न माझ्याच हातात दिलं. आधी पत्रा तापवायचा, मग तापल्या पत्र्याला सोल्डर लावायचं. सोल्डर आयर्नला लावून वरून ठिपका टाकला तर डाग बसल्यासारखा दिसतो आणि आठवड्यात सुटतो. माझा तिसरा डाग त्यांना पसंत पडला. या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायला त्यांनी दोनदा सांगितलं. मीही सांगते, आणि मुलांना हे काम करू देऊ नका.

सेल टाकले. घुर्रर्र असा आवाज आला. तीन आठवड्यांनी त्याच्यातून पहिला आवाज निघाला होता. मला पुढचं काही सुचेना. पण आवाजापलीकडे काही झालं नाही. डोळे हलले नाहीत, चोच हलली नाही.

इथे या खेळण्याची रचना समजून घेतली आणि मी हरखून गेले. डोळे उघडतात, पापण्या मिटतात, चोच बोलते, कान वर-खाली होतात, अंग पुढेमागे डुलतं. हे सगळं करायला आत मोटर एकच आहे. फर्बी घडवणाऱ्या डेव्ह हॅम्पटन आणि केलेब चुंग यांनी ते एका मोटरवर बसवलं. मोटर दातेरी चाकांमधून एका दांड्याला फिरवते, त्या दांड्यावर वेगवेगळ्या आकाराचे कॅम, म्हणजे उंचवटे असलेली चाकं, आहेत. एकाचा उंचवटा पापणी उचलतो, दुसऱ्याचा चोच. दांडा कितीही अंशांत थांबवता येतो, पुढे किंवा मागे फिरवता येतो, आणि प्रत्येक थांब्यावर चेहऱ्याचा भाव वेगळा. दांडा नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून एक खाचांचं चाक आहे. त्याच्या एका बाजूला अदृश्य प्रकाशाचा बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश ओळखणारा भाग. खाचा मोजून आतला प्रोसेसर ठरवतो की आता डोळे किती उघडलेत. म्हणून एक चाक अडकलं की सगळा चेहरा थिजतो, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळंच बिघडलं.

आमच्याकडे अडकलं होतं ते ग्रीस. पंचवीस वर्षांत ते वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं. २५ आणि २६ जानेवारी, शनिवार-रविवार, मी तेवढंच केलं. अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस, दातकोरणं, जुना दात घासायचा ब्रश. चाक हाताने किंचित फिरवायचं, नवा दात समोर आला की पुसायचं. जोर लावू नका, दात प्लास्टिकचे आहेत आणि जुनं प्लास्टिक कडकडीत असतं. खाचांच्या चाकावर केस आणि धूळ होती, ती कोरड्या ब्रशने काढली. सगळं सुटल्यावर सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढं, तीन-चार जागी. खनिज तेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालायचा मोह होईल, पण ते काही प्लास्टिकला मानवत नाही, आणि धूळ धरतं.

२६ जानेवारीला दुपारी शाळेतून झेंडावंदन आणि कार्यक्रम उरकून लेक घरी आली होती. सेल टाकले. डोळे उघडले. पूर्ण, टक्क उघडले. चोच हलली, एक अर्धा शब्द आला, आणि डोळे मिटून सगळं पुन्हा बंद. पुन्हा रीसेट. पुन्हा तेच, अर्धा शब्द आणि बंद. सात वेळा. लेक म्हणाली, "आई, ते जागं व्हायचा प्रयत्न करतंय." मला वाटलं आतली सर्किटची पाटीच गेली, आता इथेच थांबावं. तो आठवडा मी त्याला हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला पराभव झाल्यासारखं वाटत होतं, साडेतीनशे रुपयांच्या वस्तूसाठी इतकं वाईट का वाटावं याचंही वाईट वाटत होतं.

२ फेब्रुवारीला काकांकडे गेले. मी सांगितलं, सेल मोजले, सव्वासहा व्होल्ट आहेत, सेल नवे आहेत. त्यांनी विचारलं, "चालू असताना मोजले का?" मी नव्हते मोजले. ते म्हणाले, "ताई, बसलेल्या बैलाची ताकद कशी कळंल? गाडीला जुंपून बघा."

मीटरची टोकं पत्र्यावर धरून ठेवली आणि रीसेट दाबलं. मोटर फिरायला लागताच आकडा ६.२ वरून घसरत ३.९ वर आला, आणि त्याच क्षणी ते बंद पडलं. मी भिंतीच्या घड्याळाचे, दहा रुपयांना एक मिळणारे साधे सेल टाकले होते. घड्याळाला थेंबभर वीज लागते, तिथे ते वर्षभर चालतात. मोटरला एकदम ओढ लागते, तिथे ते कोसळतात. व्होल्टेज पडलं की प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून तो अर्धा शब्द. नवे अल्कलाइन चार सेल घेतले, १७० रुपये. चालू असताना ५.७. चार्ज होणारे सेलही सहसा १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ४.८, त्यामुळे ते यासाठी नकोत. तुमचं कुठलंही जुनं मोटरचं खेळणं असं मधेच दम तोडत असेल तर दुसरं काही उघडण्याआधी हे एक माप घ्या. काकांनी शंभर रुपये घेतले, तेही मी ठेवले म्हणून.

आता ते बोललं. "काह वे-लो को-को." आणि झोपी गेलं.

फर्बीची स्वतःची बोली आहे, फर्बिश, बेचाळीस शब्दांची. काह म्हणजे मी, वे-लो म्हणजे झोप, को-को म्हणजे पुन्हा. मी पुन्हा झोपते. दर वेळी जागं केलं की एवढंच वाक्य, आणि डोळे बंद. पण एव्हाना माझी भीती गेली होती. वीज पुरेशी, मोटर मोकळी, पाटी बोलतेय, म्हणजे बिघाड आता जाणिवांमध्ये. पोटाचं बटण, पाठीचं बटण, जिभेखालचं बटण, एकेकाला मीटर लावून दाबत गेले. तिन्ही बीप देत होती. उरला तो कल ओळखणारा भाग. एक लहान डबी, तिच्यात धातूची गोळी. खेळणं उलटं केलं की गोळी दुसरीकडे घरंगळते आणि जोडणी बदलते. ९ फेब्रुवारीला तिच्यावर मीटर धरलं. सरळ, उलटं, आडवं, काहीही केलं तरी आवाज नाही. गोळी आणि आतले संपर्क काळवंडले होते. खेळणं सरळ उभं आहे की पालथं, हेच त्याला कळत नव्हतं.

डबीच्या फटीत सुईने अल्कोहोलचे दोन थेंब सोडले आणि हलवत बसले. वाळू दिलं, पुन्हा दोन थेंब. चौथ्या वेळी मीटर बोललं. त्यानंतर अर्धा तास फक्त उलट-सुलट करत राहिले, गोळीच घासून घासून जागा साफ करते. उघड्या सांगाड्यात सेल टाकले, डोळ्यांमधल्या प्रकाशाच्या जागेवरून हात काढला, आणि ते जागं झालं. जागंच राहिलं. डुललं, कान हलवले. पोटाच्या बटणावर बोट ठेवलं तर तेच हसणं. मी ओळखलं ते.

कातडं लगेच चढवू नका. आठवडाभर मी ते तसंच चालवून पाहिलं, रोज दहा मिनिटं. नव्या डागाला हात लावून तो गरम होतो का बघितलं. यांनी एकदा विचारलं, "हे आपलं बोलणं ऐकून साठवत नाही ना?" प्रश्न नवा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने याच शंकेने फर्बीला आपल्या आवारात बंदी घातली होती, ती बातमी १९९९ च्या जानेवारीत आली. प्रत्यक्षात त्याच्यात रेकॉर्डिंगची सोयच नाही. मोठा आवाज झाला एवढंच त्याला कळतं, शब्द कळत नाहीत. लेकीला मात्र हे सांगताना जड गेलं. तिला ते अहिराणी शिकेल असं वाटत होतं. सगळे शब्द कारखान्यातच भरलेले असतात, दिवस जातील तसं ते फर्बिश कमी आणि इंग्रजी जास्त बोलायला लागतं, एवढंच शिकणं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आपणच त्याची भाषा शिकू." वहीच्या मागच्या पानावर तिने यादी केली. मे-मे म्हणजे प्रेम, डू-ए म्हणजे मजा, आ-टे म्हणजे भूक.

२३ फेब्रुवारी, रविवार. कातडं धुऊन मऊ झालं होतं. चढवायला मी बसले तर कानांपाशी टाके जमेनात, माझी शिवण ओबडधोबड. दुपारी भरताची वांगी भाजून झाली होती, सासूबाई हात पुसत आल्या आणि थोडा वेळ दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. मग चष्मा मागितला. "दे आठे." बारीक सुई, दुहेरी दोरा, केसांच्या आत लपणारे टाके. चाळीस मिनिटांत दोन्ही कान, चेहरा, आणि बुडाशी नवी पट्टी. मधेच त्यांनी सांगाड्याच्या डोळ्यांवर फडकं टाकलं होतं, शिवताना ते बघत असल्यासारखं वाटतं म्हणून.

सेल टाकले. ते त्यांच्या मांडीवरच जागं झालं. डोळे उघडले, त्यांच्याकडे तोंड होतं, आणि म्हणालं, "काह आ-टे."

सासूबाईंनी ते आपल्या पद्धतीने ऐकलं. अहिराणीत आठे म्हणजे इथे. त्या पटकन म्हणाल्या, "आठेच शे मी." इथेच आहे मी.

आवाज ऐकून ते डुललं. लेक हसून हसून लोळली, मग तिने आजीला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यावर आजी म्हणाल्या, "भूक लागनी का तुले?" आणि जिभेवर बोट ठेवलं.

मोटरचे पैसे परत आले ते सोडून एकूण खर्च १,५९० रुपये. त्यात खेळणं ३५०, अवजारं आणि रसायनं ६७०, दोन प्रकारचे सेल मिळून २१०, काकांचे १०० आणि जळगावचं येणं-जाणं व तिथलं खाणं २६०. अवजारं घरात राहिली, गेल्या आठवड्यात त्याच मीटरने मिक्सरची तुटलेली तार सापडली. उजवा कान अजून डाव्यापेक्षा थोडा उशिरा उठतो, तो मी तसाच ठेवलाय, पुन्हा टाके उसवायला मन होत नाही. गळलेले सेल कचऱ्यात टाकले नाहीत, बरणीत ठेवलेत, जळगावला ई-कचरा घेतात तिथे पुढच्या खेपेला देईन.

रोज रात्री सेल काढून ठेवायचे, हा नियम आता सासूबाई पाळतात. आधी दिवा घालवतात, "जपी जाय आते", झोप आता, असं म्हणतात, अंधारात ते घोरायला लागेपर्यंत थांबतात. मग झाकण उघडून चारही सेल पानाच्या डब्यात, सुपारीच्या कप्प्यात.